एकाच माणसाचा विमा

मुलांनो, एक जेवणाचं टेबल डोळ्यांसमोर आणा. ताटं उचलली आहेत, पण कोणी उठलेलं नाही. मधोमध लॅपटॉप उघडा आहे. एका बाजूला आई, समोर बाबा, आणि त्यांना खेटून तुमच्याएवढी एक मुलगी. लहानशी पण तिखट, म्हणून घरात सगळे तिला मिरी म्हणतात. आणि मामा. मामा विम्याची कामं करतो आणि भाचीच्या पाठीमागची उशी पळवून स्वतःच्या पाठीला लावतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा परदेशी निघणार होते, आजोबांना, म्हणजे त्यांच्या अण्णांना, आणायला. आजोबांचं सगळं आयुष्य तिथेच गेलं होतं. पण आता त्यांना नीट दिसत नव्हतं, आणि तिथलं सरकार कोसळायच्या बेतात होतं. रस्त्यांवर सैन्य उतरलं होतं. विमानतळ अजून चालू होता. उद्याचं कोणी सांगत नव्हतं.

बॅग हरवली, पोट बिघडलं, अशा गोष्टींचा साधा विमा बाबांनी काढलाच होता. त्यावर जादा विमा घ्या, म्हणून मामा मागे लागला होता. दंगल पेटली, विमानं बंद झाली, तर कंपनीची माणसं गाडी घेऊन येणार आणि सीमेपलीकडे सुखरूप नेऊन सोडणार. पण घ्यायचा तर आत्ताच. आपल्या सरकारनं एकदा ‘तिकडे जाऊ नका’ असं जाहीर केलं, की कंपनी दारात उभं करणार नाही.

तुम्ही लोक भीती बरी विकता, असं बाबा म्हणाले. मामा म्हणाला, भाऊजी, तुमच्याकडून मला दमडी नको, ताईच्या हातचा चहा पुरे. आई हसली नाही. घ्या, एवढंच म्हणाली. आईच्या अशा एका शब्दापुढे बाबांचं आजवर कधी चाललं नव्हतं. त्यांनी आपलं नाव भरलं, कार्डाचे आकडे घातले.

“आणि आजोबांचं नाव?” मिरीनं विचारलं.

मामा सरळ होऊन बसला. ते घालता येत नाही, तो सांगू लागला. हा विमा इथून निघणाऱ्यांचा, आणि आजोबा तर तिथलेच. वेगळाही निघायचा नाही, कारण तिथलं आधीच बिघडलेलं. हेच त्यानं शब्द बदलून पुन्हा सांगितलं, पण अर्थ काही बदलला नाही.

“म्हणजे गाडी आली, तर बाबांना एकट्यालाच नेणार?”

“हो गं राणी.”

बाबांनी हात मागे घेतला. “मग नको मला. अण्णांना रस्त्यावर उभं करून मी गाडीत बसू?”

“बसू नका,” आई म्हणाली. “पण घ्या.”

“न बसायच्या गाडीचे पैसे भरू?”

टेबलावर काही सांडलेलं नव्हतं, तरी आई ते पुसत राहिली. बाबा आणि मामा दुसरीकडे बघू लागले. मिरी मात्र तिच्याकडेच बघत होती. आईला बाबा परत हवे होते, एकटे का होईनात, आणि हे तिच्या तोंडून निघत नव्हतं.

तेवढ्यात मामाचा फोन थरथरला. आलेला निरोप वाचून त्यानं हळूच सांगितलं, सरकारची सूचना आता कुठल्याही क्षणी येईल. काय ते ठरवा, भाऊजी.

पडद्यावर हिरव्या चौकोनात ‘पैसे भरा’ असं लिहिलं होतं. बाबांचं बोट चौकोनाजवळ गेलं आणि तिथेच थांबलं.

मिरीनं वाकून चौकोन दाबला.

तिला कोणी रागावलं नाही. ती खुर्चीवरून उतरली, आईचा फोन घेतला आणि आजोबांना लावला. बराच वेळ रिंग वाजत राहिली.

“आजोबा, मी मिरी. उद्या बाबा येतायत. ते आले ना, की त्यांचा हात धरून ठेवा. कोणीही सांगितलं तरी सोडायचा नाही. तुम्हाला सोडावासा वाटला, तरी नाही.”