सीलबंद प्रत

सुमंत दुर्मिळ रेकॉर्डच्या दोन प्रती घ्यायचा. एक ऐकायला, दुसरी सीलबंद ठेवायला. त्यातल्या एका रेकॉर्डवर बाजूभर एकच सूर होता.

“याच्यापेक्षा कुकरची शिट्टी बरी,” म्हणत त्याची बायको प्रमोदिनी मुद्दाम सोबत गुणगुणायची. “आणि ती दुसरी काहून जपून राहिले? मी मेल्यावर फोडाल काय?”

ती गेली. त्यानंतर त्याने रेकॉर्ड लावली, तर सुराखाली तिचीच गुणगुण. सीताबर्डीहून नवी सुई आणली, तरी तेच.

“आता तरी ऐकू दे वं!” सुमंत ओरडला. तिरीमिरीत त्याने दुसरी प्रत काढली, प्लास्टिक टराटरा फाडलं आणि सुई टेकवली.

सूर स्वच्छ होता. गुणगुण नव्हती. आता तीही नाही, म्हणून त्याचा राग आणखीच चढला.

मग सूर थांबला.

“फोडली ना शेवटी?” स्पीकरमधून प्रमोदिनी म्हणाली.