अध्यक्षांची खुर्ची

अध्यक्षांच्या खुर्चीतून गोलपोस्ट दिसत नव्हता. एकही. डावीकडे पाहिलं तर खांब, उजवीकडे पाहिलं तरी खांब. बाकी सगळं मैदान तळहातावर ठेवल्यासारखं समोर. नेमके दोन गोलपोस्ट तेवढे आड.

आणि आज नव्या स्टँडवरून पाहायची पहिलीच मॅच होती. वीटभट्टीच्या या जुन्या जागेवर आजवर सगळ्यांनी फुटबॉल पाहिला तो पालथ्या खोक्यांवर उभं राहून. सर्वांत उंच खोकं अध्यक्षांचं. गेल्या वर्षी शेवटच्या मिनिटाला पेनल्टी मिळाली, तेव्हा ते त्यावरूनच बेशुद्ध होऊन खाली आले होते. डॉक्टरांनी मॅच बघायला बंदी घातली. अध्यक्षांनी डॉक्टर बदलला.

स्टँड बांधताना सुताराने खुर्चीपासून दोन्ही गोलपोस्टपर्यंत दोरा ताणून मापं घेतली होती, हे सगळ्यांनी लांबून पाहिलं होतं. एवढा काटेकोरपणा करून गड्याने खांब रोवले ते बरोबर दोऱ्यावरच! पहिला हाफ संपेपर्यंत लोकांनी खेळ कमी पाहिला आणि सुताराची सालटी जास्त काढली. तो बिचारा मान खाली घालून बसला. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं नाव एखाद्या पाटीवर लागलं होतं, आणि ती पाटी होती अध्यक्षांच्या डोक्यावर.

हाफटाइमला अध्यक्ष उठले.

"करवत आण. दोन्ही खांब आत्ताच्या आत्ता काप, नाहीतर पाटीवरचं तुझं नाव मी स्वतः खरवडून काढतो. छत पडलं तर पडू दे."

"छत नाही पडायचं, काका," सुतार पुटपुटला.

करवत आली. सुतार खांबाशी वाकला. काम नीट होतंय की नाही ते बघायला अध्यक्षही वाकले. खांबाला एक खिळा होता आणि खिळ्यात दोऱ्याचा तुकडा अडकला होता. दोरा कसला, लोकर होती ती. शेवाळी रंगाची. अध्यक्षांनी अंगातल्या, बायकोने विणलेल्या स्वेटरकडे पाहिलं. मग मान वर केली. खांब आणि छत यांच्यात बोटभर फट होती.

"अरे, हे छताला टेकलेलेच नाहीत. मग ठेवलेस कशाला?"

सुताराने करवत खाली ठेवली. "काकूंनी सांगितलं होतं. या खुर्चीत बसून लोकरीचं टोक त्यांनीच धरलं होतं. कुणाला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली. त्यांना तुमची फार काळजी वाटते, काका."

अध्यक्ष खुर्चीत बसले. लोकरीचा तुकडा बोटाला गुंडाळत राहिले. त्यांना भरून आलं होतं, आणि ते लपवणं त्यांना जमत नव्हतं. दुसऱ्या हाफची शिट्टी झाली. सगळा स्टँड त्यांच्याकडे बघत होता. त्यांनी सुताराला खुणेने जवळ बोलावलं आणि त्याच्या कानाशी लागून विचारलं,

"हे खांब अजून चार बोटं जाड करता येतील का रे? इथून पेनल्टीचा ठिपका दिसतो."