झिजलेलं बटण

“हळू दाब गं, बटण आहे ते, लिंबू नव्हे!” गाडीची चावी हातात देताना बाबा हसून म्हणायचे. बाबा गेले, गाडी मागे राहिली.

रिमोटच्या बटणाला झिजून भोक पडलं. नवी चावी परवडणार नव्हती, म्हणून लेकीने नुसतं कव्हर बदलून घेतलं. दुसऱ्याच दिवशी त्याच जागी तसंच भोक.

“जुनंच कव्हर बसवलंत ना, दादा? फसवायला मीच सापडले?”

चावीवाल्याने ड्रॉवरमधून तिचं जुनं कव्हर काढून समोर ठेवलं आणि तो उगाच हात पुसत राहिला.

“बोला की!”

“ताई, कालच सांगायला हवं होतं. नवं कव्हर बसवून चावी इथे ठेवली, कुणाचा हात लागत नव्हता. तरी बटण आत दबत होतं, पुन्हा पुन्हा. मी घाबरलो, आणि घाईघाईने ती तुमच्या गळ्यात मारली.”