हळद्या आला त्या दिवशी

बेव्हने गाडी थेट मागच्या अंगणापर्यंत आणली, तेव्हा लाइल सफरचंदाच्या झाडासमोर खुर्ची टाकून बसला होता. गाडी थांबताच त्याने वळून पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. चार दिवसांनी बायको हॉस्पिटलमधून घरी आली आहे, खुब्याचा सांधा बदलून, आणि नवरा काय करतो, तर गप्प बसा म्हणून खुणावतो.

गाडीत आर्डिस जागची हलली नाही. सकाळी दहालाच तिला सोडलं होतं. दहा ते साडेबारा ती हॉस्पिटलच्या दाराशी चाकाच्या खुर्चीत, पिशवी मांडीवर घेऊन बसून होती. नर्सने तीनदा विचारलं, मिस्टर निघालेत ना? तिन्ही वेळा तिने हसून सांगितलं, हो हो, वाटेत असतील. त्या हसण्याची तिला आता चीड येत होती. लाइल फोन उचलत नव्हता. सातव्यांदा नुसताच वाजून थांबला तेव्हा तिने घरापासून अर्ध्या मैलावर राहणाऱ्या बेव्हला फोन लावला, आणि बिचारी बेव्ह धुतलेले केस तसेच ओले घेऊन अठरा मैल गाडी हाकत आली.

"आला," लाइल खिडकीशी येऊन कुजबुजला. चेहरा नुसता फुलला होता. "यंदाचा पहिला. उतरताना दार हळू लावा."

कोण आला ते विचारायची गरजच नव्हती. फांदीवर चार खिळे, प्रत्येक खिळ्याला अर्धं कापलेलं संत्रं, खाली बशीत द्राक्षाचा जॅम, पलीकडे हमिंगबर्डसाठी साखरपाण्याच्या लाल बाटल्या. एका संत्र्यावर हळद्या बसला होता, काळं डोकं, केशरी पोट, चोच गरात खुपसलेली. मे महिना लागला की या घरात दुसरं काही सुचतच नाही. रात्री गारठा पडणार असला तर लाइल त्या बाटल्या आत आणतो आणि उजाडायच्या आत उठून परत टांगतो. एक वाटी साखरेला चार वाट्या पाणी, थेंब इकडचा तिकडे व्हायचा नाही. आर्डिस रक्तदाबाची गोळी कुठली घेते, हे मात्र त्याला विचारून बघा.

बेव्हला राहवलं नाही. अडीच तास बाई दारात ताटकळली, काही लाज आहे का, असं ती म्हणाली, आणि आणखीही बरंच म्हणाली. लाइल ओशाळला. फोन त्याने मुका करून ठेवला होता, वाजला की पक्षी बिचकतात. तो निघणारच होता. पण काल तळ्यापलीकडे कुणाला तरी हळद्या दिसला होता आणि घरातल्या संत्र्यांना बुरशी लागली होती, म्हणून सकाळी आधी तो नवी आणायला गेला.

"कुठे गेला होतास?" आर्डिसने पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"मोठ्या दुकानात. आपल्या इथली सुकलेली असतात गं."

मोठं दुकान हॉस्पिटलच्या समोर होतं. रस्ता ओलांडला की झालं. दाराशी बसल्या बसल्या तिने अडीच तास त्याचीच पाटी वाचली होती.

"किती वाजता?"

"पावणेदहाला वगैरे." तो अगदी सरळपणे सांगत होता. "म्हटलं, आधी संत्री लावून येऊ. हॉस्पिटलच्या त्या कागदांना तासभर लागतो. पक्षी कशाला थांबतोय?"

बेव्हने कपाळाला हात लावला. आर्डिसने दार उघडलं, बेव्हकडून वॉकर मागून घेतला आणि ओल्या गवतातून एकेक पाऊल टाकत झाडाकडे निघाली. लाइलला वाटलं, हिलाही बघायचंय. तो शेजारून चालत हळू आवाजात सांगत राहिला, नर आधी येतो, मादी आठवड्याने. हळद्या उडाला. आर्डिसने एक हात सोडवून खिळ्यावरचं संत्रं उपसलं आणि दात रोवले. सहाच्या चहापासून तिच्या पोटात काही नव्हतं. रस हनुवटीवरून स्वेटरवर गळला तरी तिने पुसला नाही.

"अगं, ते त्यांच्यासाठी आहे," लाइल म्हणाला. मग त्याला कळलं असावं आपण काय बोललो ते. "आत आहेत ना अजून. तुला कापून देतो."

"एक्केचाळीस वर्षांत कधी दिलंस?"

तिने साल गवतात टाकली आणि दुसरं उपसलं. तेही उभ्या उभ्या संपवलं. मग बेव्हला विचारलं, तुझी खालची खोली रिकामी आहे का? बेव्ह म्हणाली, आई गेल्यापासून रिकामीच आहे, पलंगही तयार आहे. आर्डिस परत येऊन गाडीत बसली.

आता लाइल घाबरला. धावत आला आणि त्याने उघड्या खिडकीची कड दोन्ही हातांनी धरली. चुकलो म्हणाला. मला काही कळत नाही, चल, मी तुला आत नेतो, सूप करतो म्हणाला. ते नाटक नव्हतं. माणूस वाईट नव्हता, हीच तर पंचाईत. आर्डिसचा राग निवला नव्हता, तरी तिचा हात दाराच्या कडीवर गेला.

तेवढ्यात त्याच्या मागे फांदीवर काहीतरी केशरी चमकलं. लाइलची नजर तिकडे वळली. क्षणभरच, आणि लगेच परतही आली.

आर्डिसने कडीवरचा हात काढला.

"ऑगस्टच्या शेवटी परत जातात ना ते?"

"हो," लाइल म्हणाला. "का गं?"

"गेले की फोन कर."