सहा व्हिडिओ

कॅमेऱ्याचं कार्ड रिकामं करताना लेकीच्या हातून बाबांचा शेवटचा व्हिडिओ उडाला. ऑपरेशनच्या आदल्या दिवशीचा, "मी ठणठणीत आहे गं" म्हणत हसणारा. आई म्हणाली, "जाऊ दे, नको त्याच्या मागे लागूस." पण लेकीला चैन पडेना. उडालेल्या फाइल्स परत मिळवून देणाऱ्या एका दुकानात ती कार्ड घेऊन गेली.

दुकानदार स्क्रीनवरून नजर हलवत नव्हता आणि इकडे तिचा जीव टांगणीला लागला होता. शेवटी तो म्हणाला, "सापडले, ताई. सहा आहेत."

"सहा? मी तर एकच उडवला!"

"त्याआधी कुणी उडवलेले असतील, तेही वर येतात."

तिने पहिला लावला. "मी ठणठणीत..." म्हणता म्हणता बाबांना हुंदका फुटला.



कॅमेऱ्यामागून आईचा आवाज आला, "डोळे पुसा बघू, पोर घाबरेल. हा उडवते, परत घेऊ."