सात शिवणी

सासऱ्यांनी पहिला घास तोंडात घातला आणि सुनेने घड्याळात पाहिलं. एक वाजून दहा मिनिटं.

आतड्यांना रक्त पुरवणारी त्यांची वाहिनी चोंदली होती. डॉक्टरांनी मांडीतून तार घालून तिच्यात जाळीची बारीक नळी बसवली. दोन दिवस दवाखान्यात नुसतं पातळ खाणं. घरचं भरलं ताट आज पहिलंच. जेवायला बसल्यापासून अर्ध्या तासात कळ आली तर तसेच घेऊन या, मग पोट उघडावं लागेल आणि या वयात त्याचा भरवसा नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं होतं. भरलेली पिशवी दाराशीच होती.

सुनेचा जीव टांगणीला लागला होता. गेले आठ महिने हा माणूस दोन घास खाऊन ताट बाजूला सारायचा. मुळातच अबोल, धंद्याने शिंपी, सदा तोंडात टाचण्या धरलेल्या. तिने मीठ कमी केलं, तिखट कमी केलं, पण कशाची मात्रा चालेना. शेवटी एकदा ती फणकारली होती, "माझ्या हातचं विष लागतं का तुम्हाला?" आता ते आठवलं की तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

ते वाळत चाललेत हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. येणार कसं? चक्कर येऊन पडले त्या दिवशी नर्सने त्यांची पँट सुनेच्या हातात दिली. वजन कधीपासून उतरतंय, असं डॉक्टर विचारत होते. सुनेने पँट उलटी केली. कंबरेला एकाशेजारी एक सात शिवणी. पठ्ठ्या दर महिन्याला कपडे आत घेत होता! त्या शिवणींवरूनच डॉक्टरांना दुखणं किती जुनं ते कळलं.

एक एकोणचाळीस. सासऱ्यांचा हात पोटाकडे गेला. सून ताडकन उठली आणि तिने पिशवी उचलली.

"बस गं. कळ नाही," ते म्हणाले. "कंबर काचतेय. एक शिवण उसव."

तिने पिशवी खाली ठेवली. डोळे पुसायचंही तिला सुचेना. इतके महिने दुखत होतं तर एका शब्दाने बोलला का नाहीत, असं तिने विचारलं.

सासऱ्यांनी आणखी वाढण्यासाठी ताट पुढे केलं.

"जेवलं की दुखतं म्हणालो असतो, तर घरादाराने तुझ्या हाताला नावं ठेवली असती."