बिनआवाजाचे टायर

"गाडी चालू हाय का बंद पडली?" पुंजारामकाकांनी पुन्हा विचारलं.

भाड्याची गाडी चालवणाऱ्या संघपालनं गिअर बदलला. वाळूजची गर्दी मागं टाकून गाडी गंगापूरच्या दिशेनं चांगली पळत होती. चिकलठाण्याला काका पुढच्या सीटवर बसले, तेव्हापासून त्यांचं तोंड चालू होतं. मागं त्यांच्या घरच्या आशाबाई आणि लेक मोनिका. मोनिका दिवाळीला म्हणून माहेरी आली ती राहूनच गेली होती. आज तिला गंगापूरला नवऱ्याकडं पोचवायचं होतं.

"नवे टायर हायेत काका. आवाज करत नायत."

"टायरनं आवाज करावा. रस्त्याला लागलोय हे कळाया पायजे माणसाला. आन् वळणावर ही अशी लोळती कशी? डबक्यातल्या म्हशीवानी."

"आबा, त्यांना चालवू द्या ना," मोनिका मागून म्हणाली.

"मी कुठं त्याचे हात धरलेत?"

टायरवरून ऐकून ऐकून संघपालचे कान किटले होते. जुने टायर होते तेव्हा जो तो म्हणायचा, पिठाच्या गिरणीत बसल्यासारखं वाटतं. म्हणून त्यानं हे मऊ, आरामाचे टायर घातले. दुकानदार म्हणाला होता, पोटातलं पाणी हलणार नाही. ते खरंही निघालं. पण मग एका बाईला गाडी पाळण्यासारखी डुलते म्हणून मळमळलं. शिर्डीला निघालेले एक साहेब म्हणाले, गाडीत दम नाही. एका खड्ड्यानं टायरच्या कुशीला टम्म फुगा आणला, तो टायर टाकून द्यावा लागला. आणि आता हे काका. माणसाला गाडीत बसवावं तरी कसं, हेच त्याला कळेनासं झालं होतं.

"गाणं तरी लाव."

"लावलं व्हतं. तुम्हीच बंद कराया लावलं."

"ते काय गाणं व्हतं व्हय?" म्हणत काकांनी मान मागं टेकली आणि डोळे मिटले. संघपालनं सुटकेचा निःश्वास टाकला.

तेवढ्यात मागून कुजबुज ऐकू आली. मायलेकी अगदी हलक्या आवाजात बोलत होत्या. जुने टायर असते तर त्यातला एक शब्द पुढं पोचला नसता.

"आई, मला वापस घेऊन चल."

"असं कसं चालंल बाई. त्यानं स्वतः फोन करून बोलावलंय. आता वागंल नीट."

"कामाला जाताना बाहेरून कडी लावून जातो तो."

आशाबाईंच्या बांगड्या वाजल्या.

"एकदा गॅसचा वास सुटला. नळी निघाली व्हती का काय, मला कळंना. मी नुसती दार बडवत व्हते. वरची बाई खाली आली, तिनं कडी काढली. संध्याकाळी त्यालाच राग आला, कडी काढलीच कुणी म्हणून. दुसऱ्या दिवशी कुलूप घेऊन आला."

"मग इतके दिवस बोलली का नाय गं?"

"आबांला सांगू नको. त्यांला सोसायचं नाय."

हे आपल्या कानासाठी नव्हतं. कुजबुज बुडावी म्हणून संघपालनं गाण्याच्या बटणाकडं हात नेला आणि सहज बाजूला पाहिलं. काकांचे डोळे उघडे होते. ते समोरच्या काचेकडं बघत होते. जबडा असा हलत होता, जणू काही चावायला बसले आहेत आणि ते चावलं जात नाही. संघपालनं हात मागं घेतला.

मागची कुजबुज थांबली. लिंबेजळगाव मागं पडलं.

"गाडी बाजूला घे," काका म्हणाले.

संघपालनं गाडी थांबवली. काका उतरले, पुढून वळसा घालून आले, वाकून टायरवर हात दाबला. मग गाडीकडं पाठ करून बराच वेळ तसेच उभे राहिले. एकदा त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. परत आले तेव्हा दार त्यांनी जोरात ओढलं.

"हे टायर काय कामाचे नाय," मागं ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले. "पुढं रस्ता खराब हाय. एखादा फुटला तर जिवावर बेतंल. वळव गाडी."

संघपालचं तोंड उघडलं. चारही टायर ठणठणीत होते. एरवी कुणी असं म्हटलं असतं तर त्यानं खाली उतरवून एकेक टायर दाखवला असता.

"व्हय काका," तो म्हणाला. "पुढचा टायर धोक्याचाच हाय."

"अवो, पण तिकडं जावई वाट बघतेत," आशाबाई म्हणाल्या.

"बघू दे."

पुढच्या दुभाजकाच्या फटीतून संघपालनं गाडी वळवली. आरशात मोनिका दिसली. ती आबांच्या डोक्याच्या मागच्या बाजूकडं एकटक बघत होती.

वाळूज पुन्हा जवळ आलं तेव्हा फोन वाजला. काकांनी तो कानाला लावला, पण जावयाचा शब्दन् शब्द गाडीभर ऐकू येत होता.

"मामा, कुठवर आले? मी सुट्टी टाकून बसलोय घरी."

"वापस निघालो. गाडी बिघडली."

"आता ही काय नवीन कटकट? किती वेळ लागंल दुरुस्तीला?"

काका समोरच्या रस्त्याकडं बघत राहिले.

"ती आता दुरुस्त व्हायची नाय," ते म्हणाले आणि त्यांनी फोन बंद केला.